हुंडेकरी, बिल्टी आणि नवे यंत्र

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात वाहतूक व दळणवळण या विषयाचा धडा बहुधा अखेरीस असतो, आणि परीक्षा जवळ आल्यामुळे तो घाईघाईने उरकला जातो. लोहमार्ग किती, राजमार्ग किती, बंदरे कोणती, एवढे पाठ केले की विद्यार्थी मोकळा होतो. परंतु पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत राहणाऱ्या मुलामुलींना हा धडा पुस्तकाबाहेर, थेट घराच्या उंबरठ्याशी येऊन भेटतो. कोणाच्या घरी संत्र्याची बाग आहे, कोणाचे काका अडतीचे काम करतात, कोणाच्या वडिलांच्या एक-दोन मालमोटारी आहेत, तर कोणाचा थोरला भाऊ तसल्याच मालमोटारीवर चालक म्हणून दिल्ली-कलकत्त्याच्या खेपा करतो. म्हणूनच यंदाच्या वार्षिकासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो विद्यार्थ्यांप्रमाणेच त्यांच्या घरच्या मंडळींनीही वाचावा अशी आमची इच्छा आहे.

विषय असा. वाहतुकीची व्यवस्था नीट लागावी म्हणून अलीकडे नाना तऱ्हेची यंत्रसाधने निघाली आहेत. गाडी या क्षणी कोठे आहे ते सांगणारे उपग्रहाधारित यंत्र, रिकाम्या गाडीला माल आणि मालाला गाडी जुळवून देणारे मोबाइलवरील ॲप, डिझेल, पथकर, भाडे व दुरुस्ती यांचा हिशेब ठेवणारी संगणकप्रणाली, ही त्यांतील ठळक नावे. मोठमोठ्या कंपन्यांनी ही साधने केव्हाच आपलीशी केली. मग एक, दोन किंवा पाच गाड्यांचा मालक, लहान अडत्या, गावातील ट्रान्सपोर्टचे लहानसे कार्यालय चालविणारा गृहस्थ, ही मंडळी त्यांत पैसा घालण्यास कितपत राजी असतात? आणि जेथे राजी नसतात, तेथे कारण काय?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर शहरातील सुशिक्षितांच्या ओठांवर असते : लहान व्यापारी जुन्याला चिकटून राहतो, त्याला नवे कळत नाही. हे उत्तर आम्हास मुळीच मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

'हुंडेकरी' हा शब्द आजच्या मुलांनी क्वचितच ऐकला असेल. जुन्या मराठीत, एका गावाहून दुसऱ्या गावी माल पोचविण्याची हमी घेणाऱ्या आणि वाटेतील जकाती व पट्ट्या स्वतः भरणाऱ्या माणसास हुंडेकरी म्हणत. व्यापाऱ्याने एकदा ठोक रक्कम ठरवून दिली की वाटेत नाकी किती, जकात किती, बैल कोठे बदलायचे, हा सारा घोर हुंडेकऱ्याचा. विचार केला म्हणजे दिसते की आज ज्यास वाहतूक-व्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे, तेच काम हा मनुष्य डोक्यातल्या डोक्यात करीत होता. मार्ग, मोसम, नदीचा उतार, नाकेदाराचा स्वभाव आणि सावकाराची पत, एवढी सगळी माहिती त्याच्या स्मरणात साठविलेली असे. त्याच्याजवळ यंत्र नव्हते, पण व्यवस्था होती. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १८९० पासून चालत आलेला तो व्यवसाय डब्यावरील रंगांच्या व अक्षरांच्या खुणांवर चालतो. तेव्हा लहान माणसाला व्यवस्थाच कळत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आमच्या दोन तालुक्यांच्या बाबतीत तर इतिहासाने या व्यवस्थेची कठीण परीक्षाच घेतली. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेच्या दिवशी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि छिंदवाडा जिल्हा मात्र मध्यप्रदेशातच राहिला. पांढुर्णा व सौंसर हे त्याच जिल्ह्याचे तालुके होते. (पुढे २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.) म्हणजे बाग एका राज्यात आणि बाजार दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती एका रात्रीत उत्पन्न झाली. माती तीच, संत्रे तेच, घरात बोलली जाणारी मराठीही तीच. तरी सौंसरहून सावनेरकडे निघालेल्या गाडीस परराज्यात जाण्याचा परवाना, विक्रीकराचे कागद आणि नाक्यावरील तपासणी यांतून जावे लागू लागले. आम्ही मूळचे गोव्याकडील, मातृभाषा कोंकणी. पत्रादेवी आणि पोळे येथील नाक्यांवर भाजीच्या गाड्यांची लांबलचक रांग पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. सीमेवरच्या गावाला वाहतूक म्हणजे काय असते, ते आम्हास येथे आल्यावर कोणी निराळे समजावून सांगावे लागले नाही.

हे कागदांचे ओझे अनेक वर्षे टिकले. माल वाहून नेणाऱ्याची जबाबदारी ठरविणारा कायदा तर १८६५ सालचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला होता. त्याची जागा २००७ साली संमत झालेल्या नव्या कायद्याने घेतली, आणि तोही प्रत्यक्ष अंमलात आला तो २०११ साली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला आणि राज्याराज्यांच्या सीमांवरील विक्रीकराची नाकी उठली. १ जुलै २०२४ पासून मध्यप्रदेश शासनाने सीमेवरील परिवहन तपासणी नाकीही बंद केली. जुन्या चालकांना यातील फरक विचारावा. ते तासांत सांगतील.

आता नाके गेले, पण त्याची जागा यंत्राने घेतली, हे ध्यानात घेतले पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल नेण्यासाठी 'ई-वे बिल' काढणे आवश्यक झाले. मालाची किंमत, पाठविणारा, घेणारा आणि गाडीचा क्रमांक ही माहिती संगणकावर भरावयाची, आणि मिळालेला क्रमांक चालकाजवळ द्यावयाचा. या बिलास मुदत असते. आरंभी दर शंभर किलोमीटरांस एक दिवस असा हिशेब होता, तो १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरांस एक दिवस असा झाला. ताजी फळे या बंधनातून मुक्त आहेत, म्हणून येथून निघालेल्या संत्र्याच्या गाडीस त्याची गरज पडत नाही. पण तीच गाडी परतताना दिल्लीहून यंत्रसामग्री किंवा किराणा माल घेऊन निघाली की गरज पडते. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातून कापड वा अन्य तयार माल नेणाऱ्या गाड्यांना तर ती नित्याचीच.

ज्यांना नवे कळत नाही असे म्हटले जाते, त्या लहान ट्रान्सपोर्टवाल्यांनी हे नवे काही महिन्यांत आत्मसात केले. ज्याच्या कार्यालयात संगणक नव्हता, तो शेजारच्या इंटरनेटच्या दुकानात गेला. ज्याला तेही शक्य नव्हते, त्याने कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल दिला. तीच गोष्ट 'फास्टॅग'ची. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून पथकर नाक्यावर फास्टॅग नसलेल्या गाडीस दुप्पट पथकर लागू झाला, आणि काचेवर ती चिठ्ठी नसलेला ट्रक हुडकून काढणे अवघड झाले. यावर कोणी म्हणेल की ही तर सक्ती झाली, हा स्वीकार नव्हे. म्हणणे खरे आहे. परंतु पुढे जे घडले ते सक्तीने घडलेले नाही, आणि आमच्या मते अभ्यासाचा खरा विषय तोच आहे.

गाडी पथकर नाक्यावरून गेली की मालकाच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि त्याच्या मोबाइलवर तसा संदेश येतो. संदेशात नाक्याचे नाव असते. थोड्याच दिवसांत लहान मालकांच्या लक्षात आले की हा संदेश म्हणजे आपली गाडी कोठवर पोचली याची फुकटची खबरच होय! बैतूलच्या पुढचा नाका ओलांडला, आता भोपाळच्या पलीकडे गेली, आता ग्वाल्हेर. चालकाला वारंवार फोन करून त्याचे लक्ष विचलित करण्याचे कारण उरले नाही. ज्या मनुष्याने गाडीत वेगळे यंत्र बसविण्यास नकार दिला होता, त्यानेच पथकराच्या पावतीतून स्वतःचे यंत्र निर्माण केले. हीच तऱ्हा बिल्टीची. पूर्वी बिल्टी हरवली म्हणजे आकांत होई. आता तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर माल निघण्यापूर्वीच पोचलेले असते. चालकाला वाटखर्चाचे पैसे पाठविण्यास पूर्वी वाटेवरच्या पेट्रोलपंपवाल्याची ओळख लागे; २०१६ साली 'यूपीआय' सुरू झाल्यापासून ते काम एका क्षणात होते. सरकारनेही १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय मालवाहतूक धोरण जाहीर करताना निरनिराळ्या खात्यांची अशी माहिती एकत्र जोडणारी 'युलिप' नावाची व्यवस्था पुढे आणली. पण आमच्या बाजारपेठेतील मालकाने आपल्यापुरती जोडणी तत्पूर्वीच करून टाकली होती.

येथे आम्हास सातासमुद्रापलीकडील एका अभ्यासाची आठवण देणे आवश्यक वाटते. अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांत कसे पसरले, याचा शोध ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांचा निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची माहिती घेतली. त्यांपैकी दोघांखेरीज सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणे स्वीकारले होते. बियाणे उघड उघड अधिक पीक देणारे होते, तरी एवढी वर्षे लागली. शेतकऱ्यांना बियाण्याची पहिली बातमी बहुधा विक्रेत्याकडून मिळाली; परंतु ते पेरावे असा विश्वास उत्पन्न झाला तो शेजाऱ्याचे शेत पाहून. आणि पहिल्या वर्षी कोणी सगळे शेत त्याखाली आणले नाही. एक लहान तुकडा पेरून पाहिला. पुढे १९६२ साली एव्हरेट रॉजर्स यांनी असल्या अनेक अभ्यासांवरून एक ग्रंथ लिहिला. नवी वस्तू लोक केव्हा घेतात, याच्या त्यांनी पाच कसोट्या सांगितल्या. तीपासून जुन्यापेक्षा अधिक लाभ आहे काय, ती आपल्या चालीरीतींशी जुळते काय, समजण्यास सोपी आहे काय, थोडक्यात करून पाहता येते काय, आणि तिचे फळ इतरांच्या डोळ्यांना दिसते काय?

व्हॉट्सॲप आणि फास्टॅगचा संदेश या पाचही कसोट्यांना उतरले. मालमोटारीत बसवावयाचे स्वतंत्र यंत्र आणि वर्षाची वर्गणी घेणारी संगणकप्रणाली मात्र पुष्कळदा पहिल्याच कसोटीवर अडखळते. हे कसे, ते एका गणितावरून पाहू. पुढील आकडे केवळ गणितापुरते मानलेले आहेत. घरच्या खऱ्या आकड्यांनी विद्यार्थ्यांनी ते पुन्हा सोडवावे.

समजा, येथून दिल्ली सुमारे १००० किलोमीटर. जाऊन-येऊन २००० किलोमीटर. गाडी एका लिटर डिझेलमध्ये ४ किलोमीटर जाते, म्हणून एका खेपेस ५०० लिटर. डिझेल ९० रुपये लिटर मानले तर खर्च ४५,००० रुपये. यंत्र बसविल्याने आडवाटेने जाणे, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे इत्यादी टळून शेकडा २ बचत झाली, तर १० लिटर, म्हणजे ९०० रुपये वाचले. महिन्यास तीन खेपा धरल्या तर २,७०० रुपये. यंत्राचा व वर्गणीचा खर्च मासिक ५०० रुपये धरला, तर गाडीमागे २,२०० रुपये निव्वळ नफा. कागदावर पाहता यंत्र न बसविणारा मनुष्य मूर्खच ठरावा!

पण थांबा. पुष्कळ मालक चालकाला खेपेचा ठरावीक वाटखर्च देतात. इतके डिझेल, इतका भत्ता; त्यातून वाचेल ते चालकाचे. अशा ठिकाणी ते ९०० रुपये वाचले तर वाचणार चालकाचे, आणि यंत्राचे ५०० जाणार मालकाचे. मालकाने ठरावीक खर्च कमी करू म्हटले, तर चांगला चालक दुसऱ्याच्या गाडीवर जाईल. आणि चांगल्या चालकाची किंमत कोणत्याही यंत्राहून जास्त, हे पाच गाड्यांच्या मालकाला पक्के ठाऊक असते. म्हणजे त्याने यंत्र नाकारले ते गणित न आल्यामुळे नव्हे, तर आपल्यापेक्षा एक पायरी पुढचे गणित केल्यामुळे.

आता दुसरी बाजू. गाडीचा मासिक हप्ता ४५,००० रुपये मानू. म्हणजे गाडी उभी असो की चालती, दिवसाला १,५०० रुपये गेलेच. दिल्लीच्या आझादपूर मंडईत माल उतरविण्यासाठी आणि परतीचा माल मिळण्यासाठी प्रत्येक खेपेस दोन दिवस अधिक गेले, तर तीन खेपांत सहा दिवस, म्हणजे ९,००० रुपये गेले. डिझेलच्या बचतीपेक्षा हा आकडा तिपटीहून मोठा आहे. तेव्हा लहान मालकाचे खरे दुखणे डिझेल नसून ताटकळणे हे आहे. परतीचा माल चटकन जुळवून देणारे साधन असेल, तर त्याने त्यात पैसा घालावयास हवा. अशी साधने निघालीही आहेत. २०१५ साली बंगळूर येथे सुरू झालेली 'ब्लॅकबक' ही त्यांपैकी एक प्रसिद्ध कंपनी. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे भाग शेअरबाजारात विक्रीस आले. ट्रकमालकांना पथकर, गाडीचा ठावठिकाणा आणि माल जुळविणे या सोयी ती मोबाइलवर देते.

मग दलाल अजून का टिकून आहे? हा प्रश्न आम्हास सर्वांत मनोरंजक वाटतो. दलाल केवळ माल आणि गाडी यांची गाठ घालून देतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो आणखी दोन गोष्टी करतो. भाडे पुष्कळदा उधारीवर असते. माल पोचला तरी पूर्ण रक्कम हाती येण्यास आठवडे लागतात. दलाल निघतानाच आगाऊ रक्कम देतो आणि उरलेल्या रकमेसाठी त्याचा शब्द जामीन राहतो. दुसरे म्हणजे, गाडी वाटेत नादुरुस्त झाली, पोलिसांनी अडविली, किंवा माल घेणाऱ्याने 'फळ दबले आहे' म्हणून भाडे कापले, तर मध्ये पडण्यास कोणी तरी ओळखीचा लागतो. जुन्या हुंडेकऱ्याचा अर्धा व्यवसाय दलालाकडे वारसाहक्काने आला आहे तो असा. मोबाइलवरील ॲप माल दाखवील, दरही दाखवील. पण रात्री दोन वाजता ओळख ना पाळख अशा गावी कोणाला फोन करावा, याचे उत्तर जोवर ते देत नाही, तोवर मालक ॲपवर भाव पाहील आणि सौदा दलालाकडेच करील. असे अनेक जण करतात, आणि आमच्या मते शहाणपणाने करतात.

याहून नाजूक एक कारण आहे. ते लोक सहसा बोलून दाखवीत नाहीत. गाडी कोठे आहे हे सर्वांना दिसू लागले, तर ते कोणाच्या लाभाचे? दिल्लीत माझी गाडी दोन दिवस रिकामी उभी आहे, हे माल देणाऱ्यास कळले, तर तो भाडे पाडून मागणार. घासाघीस करताना आपली अडचण लपविणे हे गरीब पक्षाचे एकमेव शस्त्र असते, आणि यंत्र नेमके तेच काढून घेते. हिशेब उघडा पडण्याची, कराची भीती हेही एक कारण आहे. ते मात्र आम्ही समर्थनीय मानीत नाही. पण ते नाही असे भासविणे हा अभ्यास नव्हे.

पैसा एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, हा प्रकार आम्ही गोव्यात फार जवळून पाहिला. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लोहखनिज वाहणारे ट्रक बहुतांशी गावकऱ्यांचेच. एका घराचा एक ट्रक, तोही कर्जाऊ घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम थांबविले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि ती एप्रिल २०१४ मध्ये उठली. बेकायदा खनिज बाहेर जाऊ नये म्हणून या ट्रकांना ठावठिकाणा सांगणारे यंत्र सक्तीचे झाले. उद्देश योग्यच होता. परंतु त्या यंत्रापासून ट्रकमालकाला काय मिळाले? खेप अधिक मिळाली नाही, भाडे वाढले नाही. त्याची गाडी खाणखात्याला दिसू लागली, एवढेच. पुढे २०१८ साली खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि यंत्रे त्यांत तशीच राहिली. अशा अनुभवानंतर तेथील एखाद्या मालकाने नव्या यंत्राचे नाव काढताच कपाळाला आठ्या घातल्या, तर त्याला मागासलेला म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

याच्या उलट अनुभवही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे धावली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगर स्थानकाकडे संत्र्यांसाठी अशी गाडी निघाली. फळांच्या भाड्यात शेकडा ५० सवलत होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे किमान अमुक एवढा माल पाहिजे अशी अट नव्हती. म्हणजे लहान बागाईतदाराला आयोवाच्या शेतकऱ्याप्रमाणे एक लहान तुकडा पेरून पाहता आला : थोडी क्रेट रेल्वेने, बाकीची नेहमीच्या ट्रकने. तोट्याचे भय मर्यादित असले की लहान माणूस किती चटकन पुढे येतो, हे त्या हंगामात दिसले.

संगणकप्रणाली विकणाऱ्यांनी येथून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपला धंदा बारमाही नाही. अंबिया बहाराचे फळ साधारणतः ऑक्टोबरापासून निघते, मृगाचे फेब्रुवारीपासून. उरलेल्या महिन्यांत तीच गाडी कापूस, धान्य, विटा जे मिळेल ते वाहते, किंवा झाडाखाली उभी राहते. शिवाय २०१९ नंतर बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क वरचेवर वाढविल्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालाचे गणितच बिघडले. अशा अनिश्चित धंद्यात वर्षाची वर्गणी आगाऊ मागणे म्हणजे पाऊस पडण्यापूर्वी सारा वसूल करण्यासारखे आहे. खेपेगणिक चार रुपये घेणाऱ्यास येथे गिऱ्हाईक मिळेल. वर्षाचे एकदम मागणाऱ्यास मिळणे कठीण.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. आपल्याकडे घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि यंत्रावर बहुधा इंग्रजी. मालकाचा मुलगा तिन्ही वाचतो, पण मालक हिशेब करतो मराठीत, आणि ज्या भाषेत मनुष्य हिशेब करतो त्याच भाषेत त्याला यंत्रावर विश्वास बसतो, असा आमचा तर्क आहे. चालकाची गोष्ट याहून वेगळी. त्याला यंत्राची भाषा अडत नाही. त्याला नजर अडते. दोन हजार किलोमीटर दुसऱ्याच्या लाखो रुपयांची गाडी एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला, आपण चहाला किती मिनिटे थांबलो हे कोणी मोजीत आहे असे वाटले, तर तो अपमान समजतो. जेथे मालकाने यंत्र बसविण्यापूर्वी चालकाशी बोलणे केले, आणि वाचलेल्या डिझेलचा अर्धा वाटा त्याला देऊ केला, तेथे ९०० पैकी ४५० रुपये दोघांनाही मिळतात आणि वर काढलेले गणित पुन्हा जमू लागते : तीन खेपांचे १,३५० रुपये मालकाकडे, त्यातून यंत्राचे ५०० वजा.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढील बहारात एक काम करून पहावे. घरच्या, शेजारच्या किंवा ओळखीच्या एका गाडीची एकच खेप निवडावी आणि वहीत रकाने आखावेत. तोडणी किती वाजता संपली. क्रेट भरून गाडी किती वाजता निघाली. प्रत्येक नाक्याचा संदेश केव्हा आला. मंडईत गाडी किती वाजता पोचली आणि माल किती वाजता उतरला. परतीचा माल कोणी मिळवून दिला, किती तासांनी, आणि त्याने दलाली किती घेतली. किती क्रेट दबलेली निघाली. आणि अखेरीस, पूर्ण भाडे कोणत्या तारखेस हाती आले. वडिलांना किंवा काकांना विचारल्याशिवाय रकमा लिहू नयेत, आणि वही बाहेर कोणाला दाखवू नये. कारण वर सांगितलेच आहे. शेवटचा तारखेचा रकाना बहुधा पुष्कळ दिवस रिकामा राहील. तो तसाच ठेवावा.